लेखी सूचना येईपर्यंत

ज्या रेल्वेस्थानकाच्या नावापुढे 'रोड' हा शब्द लावलेला असतो, त्या स्थानकावर ते गाव नसते. ते तेथून सात, अकरा किंवा सतरा मैलांवर असते, आणि ही गोष्ट उतारूला गाडीतून उतरल्यावर कळते. हा जनतेशी केलेल्या कराराचा भंग आहे, असे मी त्या काळी रेल्वेला तीनदा लिहिले. पहिल्या दोन पत्रांची पोच आली. तिसऱ्याची तीही नाही.

अकोला जिल्ह्यात, पातूरच्या डोंगराकडे जाणाऱ्या मुलखात, धामणखेड रोड नावाच्या अशाच एका स्थानकाबाहेर मी सहा वर्षे वाहतूक नियंत्रक होतो. स्थानकापासून धामणखेड अकरा मैल. ते अकरा मैल ओलांडून देण्यासाठी सरकारी मोटार होती, आणि आगगाडी व मोटार यांची गाठ घालून देण्यासाठी मी होतो. पत्र्याची एक खोली, एक खिडकी, एक टेबल आणि भिंतीवर घड्याळ, एवढे माझे कार्यालय. संपादकांनी मला 'नोकरीतील गमतीजमती' लिहिण्याची विनंती केली आहे. गमती घडल्या हे मी नाकारीत नाही. परंतु त्या कामातून माझ्यापाशी आज जे शिल्लक आहे ते बहुतांशी भय आहे, आणि मी त्याविषयीच लिहिणार आहे.

या कामाला आम्ही 'मेळ' म्हणत असू. आगगाडी एका खात्याची, मोटार दुसऱ्या खात्याची. दोघांची वेळापत्रके दोन निरनिराळ्या शहरांत, एकमेकांना न विचारता तयार होत. मेळ बसला तर तो कोणाच्या लक्षातही येत नाही. माणूस गाडीतून उतरतो, मोटारीत बसतो आणि घरी जातो. मेळ चुकला की तोच माणूस माळरानावर, ना सावली ना पाणी अशा ठिकाणी, बायकापोरांसह उभा राहतो आणि खिडकीतून माझ्याकडे पाहतो. दुपारची पॅसेंजर एक चाळीसची. एक वाजल्यापासून मी दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे पाही, ते मोटार धुरळा उडवीत दिसेनाशी होईपर्यंत. सहा वर्षांत एकही दुपार मी स्वस्थपणे जेवलेलो नाही.

त्यापूर्वी मी अमरावतीला असताना शेंदूरजनाघाटचे एक संत्र्यांचे व्यापारी होते. मोटारीच्या टपावर पेटारे लादून ते बडनेऱ्याची गाडी गाठायला निघत आणि बहुतेकदा चुकत. एकदा त्यांनी माझ्यापुढे ठाण मांडून विचारले, "साहेब, मेळ म्हंजे दोघाईचा असते न?"

"होय."

"मंग मोटार रेल्वेसाठी थांबते. रेल्वे मोटारीसाठी काहून थांबत नाही?"

"तसा नियम नाही."

"म्हंजे हा मेळ नाही. हे लगन एकट्या नवरीचंच लागून राहिलं."

मी हसलो नाही. तो प्रश्न कायद्याच्या दृष्टीने बिनतोड होता. मी तो जसाच्या तसा वरिष्ठांना कळवला. लग्नाचा भाग तेवढा वगळला.

धामणखेड रोडला मी गेलो तेव्हा तेथील मेळ एका रिवाजावर चालत असे, आणि तो रिवाज कोठेही लिहिलेला नव्हता. मोटार उभी राही तेथून रेल्वेचा सिग्नल दिसे. गाडी येण्याच्या बेतात असली की त्याचा आडवा हात खाली पडे. हात पडला की मोटार थांबायची. दोन वाजेपर्यंत पडला नाही, तर थांबायचे की निघायचे हे चालकाने ठरवायचे. दोन्ही खात्यांत एका शब्दाची देवाणघेवाण नाही. मला हे भयंकर वाटले. शेकडो माणसांची घरी पोहोचण्याची शाश्वती एका लाकडी फळीवर आणि एका चालकाच्या मर्जीवर अवलंबून होती.

तो चालक म्हणजे सुखदेव वानखडे. नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी तो खात्यात लागला होता. त्याच्या वस्तीतला तो पहिला सरकारी चालक. उंच, सावळा, कमी बोलणारा. गणवेशाचे वरचे बटणसुद्धा लावलेले. मी भिंतीवर जे जे परिपत्रक चिकटवी ते तो उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाची. इतर चालक त्याला हसत. मी हसत नसे, पण त्याचे मला विशेष काही वाटतही नसे.

एका उन्हाळ्यात सिग्नलची तार अडकली. हात पडला नाही. सव्वादोनला वानखड्याने मोटार सोडली आणि पाच मिनिटांनी पॅसेंजर आली. तीतून एक म्हातारा उतरला. अकोल्याच्या दवाखान्यातून तो आपल्या बायकोला शस्त्रक्रियेनंतर घरी नेत होता. दुसरी मोटार नव्हती. तिला आधार देत तो चालत निघाला. चौथ्या मैलावर एका बैलगाडीने त्यांना घेतले. बाई वाचली, परंतु टाके उसवले. दोन दिवसांनी म्हातारा माझ्या खिडकीपाशी आला. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. तो म्हणाला, "साहेब, थे मोटार कोनासाठी ठेवली हाये, येवढंच इचारतो." आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेला.

त्या दिवसापासून मी पत्रे लिहू लागलो. रेल्वेला, आमच्या विभागाला, जिल्हाधिकाऱ्यांना, वर्तमानपत्राला. प्रत्येक पत्रात मागील पत्राचा हवाला, प्रत्येकाची नक्कल माझ्यापाशी. लोक मला विक्षिप्त म्हणत. मला त्याचे काही नव्हते. म्हाताऱ्याचा प्रश्न माझ्या कानात होता. जवळजवळ वर्षभराने दोन्ही खात्यांचे संयुक्त परिपत्रक निघाले. त्यातील मुख्य वाक्य शब्दशः माझ्या मसुद्यातले होते: पॅसेंजरच्या आगमनाविषयी स्थानकप्रमुखाची लेखी सूचना प्राप्त होईपर्यंत मोटार सोडण्यात येऊ नये, व चालकाने याबाबत स्वतःच्या मताने निर्णय घेऊ नये. मी ते परिपत्रक चौकटीत बसवून खुर्चीच्या मागे टांगले. वानखड्याने ते वाचले आणि विचारले, "साहेब, पावसाळ्यातबी हेच?"

"कायद्याला ऋतू नसतात, वानखडे."

तो शेवटची ओळ पुन्हा वाचून मोटारीकडे गेला.

त्याच्या प्रश्नाचे कारण सांगितले पाहिजे. धामणखेडच्या रस्त्यावर सातव्या मैलाला सावरी नावाचा नाला आहे. पूल नव्हता, नाल्याच्या पात्रातून बांधलेला बुटका फरसबंदी रस्ता होता. त्याला आमच्याकडे रपटा म्हणतात. दोन्ही कडांना चुन्याने रंगवलेले दगड असत. सावरी आठ महिने कोरडी असते. डोंगरात पाऊस पडला की दोन-अडीच तासांनी तिला एकदम लोंढा येतो, आणि तो येताना इकडे ऊनही पडलेले असू शकते.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या श्रावणातील गोष्ट. बाजाराचा दिवस. दीड वाजताच मोटारीत एक्केचाळीस माणसे बसलेली. आमच्याकडे नुसती भुरभुर होती, परंतु पातूरच्या बाजूचे डोंगर दिसत नव्हते. तेथे काळीनिळी भिंत उभी होती. एक चाळीस झाले. पॅसेंजर नाही. दोन झाले. सूचना नाही.

वानखडे खिडकीपाशी आला. "साहेब, वरते लई पडून राहिलं. आता सोडली त सुक्या पायानं निघतो."

"सूचना आली की सोडतो."

मी स्वतः स्थानकावर गेलो. स्थानकप्रमुख चौबे नावाचे गृहस्थ होते, उत्तरेकडचे, अत्यंत सभ्य आणि नियमाच्या बाबतीत माझ्याहून कडक. ते तारयंत्रापुढे हात बांधून बसले होते. म्हणाले, "तार टूट गई है. पिछले स्टेशन से कुछ पता नहीं."

"मग तसे लिहून द्या."

"क्या लिख दूँ?"

"गाडीविषयी माहिती उपलब्ध नाही, असे."

त्यांनी परिपत्रक काढले, चष्मा लावला आणि माझेच वाक्य मला वाचून दाखवले. "इसमें आगमन की सूचना लिखी है. जानकारी नहीं है, ये आगमन की सूचना नहीं हुई. मैं दूँ और पाँच मिनट में गाड़ी आ जाए, तो जवाब कौन देगा?"

वाचकहो, त्यांचे बरोबर होते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिली नसती. वर्षभर खपून मी जे वाक्य घडवले होते, त्यात तार तुटण्याला जागाच ठेवलेली नव्हती. आम्ही दोघे शहाणे, अनुभवी माणसे त्या कागदावर वाकून बसलो आणि पलीकडे डोंगरात पाऊस पडत राहिला.

मी परतलो तेव्हा अडीच झाले होते. वानखडे दुसऱ्यांदा आला. "साहेब, अजून निघते. अर्ध्या घंट्यानं नाही सांगत."

मी चौकटीकडे बोट दाखवले. "ते तुम्ही वाचलेले आहे."

"मी वाचलं. सावरीनं कोठी वाचलं?"

मोटारीतले लोक कावले होते. एक बाई तान्हे पोर खांद्यावर टाकून खिडकीपाशी आली आणि म्हणाली, "काहून बसवून ठेवलं जी आमाले? घरी गाय व्याची हाये माही." मागून कोणीतरी ओरडले, "अवो, साहेबाले इचार, गाय कागद आल्यावर विते का म्हनून." मोटारभर हशा पिकला. मी खिडकी लावून घेतली. मला राग आला होता, आणि रागाच्या खाली भीती होती. मोटार सोडली आणि पाच मिनिटांत एखादा म्हातारा आजारी बायकोला घेऊन उतरला, तर? मी एका भीतीला इतका घट्ट धरून बसलो होतो की दुसरी शेजारी येऊन उभी राहिली ते मला दिसले, पण मी तिच्याकडे वळून पाहिले नाही.

पावणेतीनला तो तिसऱ्यांदा आला. डोंगराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि परत जाऊन चाकापाशी बसला.

पॅसेंजर तीनला आली. मोटारीसाठी दोन माणसे उतरली. चौब्यांनी सूचना धाडली, तीवर वेळ घातली होती, सही स्वच्छ होती. मोटार त्रेचाळीस उतारू घेऊन तीन वाजून सात मिनिटांनी सुटली.

नेहमी मोटार दिसेनाशी झाली की मी घड्याळाकडे पाहायचे सोडून देई. त्या दिवशी मी पाहतच राहिलो. दहा मिनिटे मी टेबलापाशी बसलो, आणि मग शिपायाची सायकल घेऊन पावसात निघालो. सात मैल. चौथ्या मैलापासून आवाज येऊ लागला. पुराचा आवाज दुरून पाण्यासारखा वाटत नाही. जमिनीखाली कोणी जाते ओढावे तसा वाटतो.

सावरीच्या काठावर पोहोचलो तेव्हा रपटा नव्हता, पांढरे दगड नव्हते. पात्राच्या मध्याच्या थोडी पलीकडे आमची मोटार एका अंगाला कलून उभी होती. पाणी खिडक्यांपर्यंत. दारे उघडी. आत कोणीही नव्हते.

मी सायकल धरून उभा राहिलो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. त्या वेळात मी खालच्या अंगाला, जिकडे पाणी जाते तिकडे, एकदाही पाहिले नाही. तशी माझी हिंमत झाली नाही.

मग पाऊस थोडा विरळ झाला आणि पलीकडच्या काठावर माणसे दिसली. बैलगाडीचे जाड दोर बाभळीला बांधलेले दिसले. मी ओरडलो, "सगळे आहेत का?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पलीकडून कोणी हात हलवले, त्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता. मी मोजू लागलो. अडतीस. पुन्हा मोजले, एक्केचाळीस. पुन्हा, सदतीस. माणसे हलत होती, कोणी झाडाआड जाई, कोणी वाकून पोरांना पुसे, आणि गावाकडचे मदतीला आलेले लोक त्यांत मिसळलेले. मी बोटाने, तोंडाने मोठ्याने मोजत होतो. आकडा जुळेना. पावसात, एकटा, मी पुन्हा पहिल्यापासून मोजत होतो.

तेव्हा एक उंच माणूस काठाशी आला आणि माझ्याकडे पाहू लागला. वानखडे होता. तो बराच वेळ माझ्या हाताच्या बोटाकडे पाहत होता. मग तो वळला, आणि त्याने सगळ्यांना काठाशी आणून शाळेतल्या मुलांसारखे ओळीत बसवले. दहा, दहा, दहा, दहा आणि तीन. गाववाल्यांना त्याने मागे सारले. तो स्वतः आणि वाहक बाजूला उभे राहिले. ओळीच्या टोकाला बसलेल्या बाईने मांडीवरचे तान्हे पोर दोन्ही हातांनी वर उचलून दाखवले.

त्रेचाळीस, आणि एक बिनतिकिटाचे. मी तेथेच चिखलात बसलो.

पुढे कळले ते असे. मोटार रपट्याशी आली तेव्हा पाणी घोट्याएवढे होते आणि दगड दिसत होते. वानखड्याने गाडी घातली. निम्म्यावर असताना लोंढा आला, इंजिनात पाणी गेले. त्याने आणि वाहकाने, पलीकडून आलेल्या शेतकऱ्यांच्या दोरांनी, माणसामागून माणूस उतरवला. तो शेवटी उतरला.

परंतु रपट्यावरून पाणी वाहत असता गाडी घालू नये, असा नियम होता. तो मोडला होता. वानखड्याला निलंबित करून चौकशी लागली. दोष सिद्ध झाल्यास शिक्षा बडतर्फी. आमच्या विभागातील एका कारकुनाने मला सांगितले, "त्या लोकांना नियम कळत नसतात. तुमचे परिपत्रक सुरक्षित आहे. तुम्ही फक्त नोंदीत आहे तेवढे बोला." मी त्याला गप्प केले नाही, हे मी येथे लिहून ठेवतो.

कारण त्याचे म्हणणे खरे होते. मोटार उशिरा सोडणे परिपत्रकानुसार होते. चालकाने आधी सोडण्याची मागणी केली होती काय? ती तोंडी होती, लेखी नव्हती. आणि जे लेखी नाही ते घडलेच नाही, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलो होतो. चौकशीच्या आधीचे पंधरा दिवस मी अकरा पानांचे निवेदन लिहिले. त्यात पर्जन्यमान होते, तारेचा बिघाड होता, पुलासाठी मी पूर्वी केलेली मागणी होती. वानखडे खिडकीपाशी आल्याचा उल्लेख नव्हता. मी दररोज तो घालण्यासाठी बसे, आणि दररोज माझा हात थांबे. माझी नोकरी, निवृत्तीला उरलेली वर्षे, घरात लग्नाच्या दोन मुली. मी पुराला भ्यालो त्याहून अधिक त्या एका वाक्याला भ्यालो.

चौकशी अकोल्याला. अधिकारी बाहेरून आलेले, वक्तशीर. त्यांनी मला विचारले, "चालकाने वेळेवर सोडण्याची मागणी केल्याची काही नोंद?"

"नोंद नाही," मी म्हणालो.

हे उत्तर सत्य होते. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतले आणि वानखड्याकडे वळले. "तुला काही सांगायचे आहे?"

वानखडे उभा राहिला. वरचे बटण लावलेले. "साहेब, नियमाप्रमानं आरोपीले साक्षीदाराले सवाल इचारता येते."

अधिकाऱ्यांनी मान वर केली. "विचारता येतो."

तो माझ्याकडे वळला. आवाज चढलेला नव्हता. "साहेब, त्या दिवशी मी तुमच्या खिडकीपाशी किती डाव आलो?"

खोलीत पंखा फिरत होता. 'आठवत नाही' हे दोन शब्द माझ्या जिभेवर तयार होते. ते कोठूनही खोटे ठरले नसते; मोटारीतल्या कोणालाही साक्षीला बोलावलेले नव्हते. ही गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही: मी तोंड उघडले ते ते दोन शब्द उच्चारण्यासाठीच. आणि तेव्हा मला, का कोण जाणे, तो माझ्या बोटाकडे पाहत काठावर उभा राहिलेला दिसला.

"तीन वेळा," मी म्हणालो.

"काहाले आलो होतो?"

"गाडी सोडा म्हणायला. दोनदा तसे स्पष्ट म्हणालात. तिसऱ्यांदा नुसते उभे राहिलात."

"मंग तुमी सोडली काहून नाही?"

"मी घाबरलो होतो," मी म्हणालो. हे उत्तर कोणत्याही परिपत्रकात बसत नव्हते. अधिकाऱ्यांची लेखणी थांबली. मग त्यांनी तेही लिहून घेतले.

वानखड्याला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. माझ्या सेवापुस्तकात शेरा आला आणि माझी बदली झाली. परिपत्रकात तार तुटण्याचे कलम पुढे जोडण्यात आले. ते कोणी लिहिले हे मी सांगत नाही.

त्या दिवशी चौकशी संपल्यावर आम्ही दोघे बाहेर व्हरांड्यात आलो. मी विचारले, "वानखडे, मी खरे सांगेन असे तुम्हाला वाटले होते का?"

"नाही जी," तो म्हणाला. "सवाल इचारला त खरा, पन जवाबाचं लई भेव होतं."

"मलाही होते."

"थे दिसत होतं, साहेब." त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि तो आपली मोटार ताब्यात घ्यायला आगाराकडे निघाला.